अभ्यासिकेचा सर्व्हर कोण सांभाळणार?

१४ एप्रिल झाला की प्रत्येक वस्तीत हिशेबाची बैठक होते. डीजेचे किती दिले, मंडपाचे किती झाले, बॅनरवर कुणाचा फोटो मोठा आला आणि कुणाचा राहून गेला, यावर रात्री बारापर्यंत वाद चालतो. त्याच बैठकीत कुणीतरी एकदा हात वर करून विचारावे की, आपल्या अभ्यासिकेची जी वेबसाइट आहे तिचे होस्टिंग कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड कुणाकडे आहे? शेवटचा बॅकअप कधी घेतला? ती कोणत्या व्हर्जनवर चालते? आमचा अनुभव असा की बैठक एकदम गप्प होते. मग कुणीतरी पुण्यात नोकरीला असलेल्या एखाद्या पोराचे नाव घेतो आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

हा लेख कॉम्प्युटरवाल्यांसाठी आहे असे समजून कृपया कुणी सोडून देऊ नये. आमचे एम. ए. समाजशास्त्रात झाले, प्रोग्रॅमिंगशी आमचा काडीचा संबंध नव्हता. २०२३ च्या फेब्रुवारीत करमाडला आमच्यावर जी पाळी आली, तिच्यातून हा विषय आम्हाला कळला. आणि तो जेवढा तांत्रिक आहे त्याहून अधिक सामाजिक आहे, अशी आमची खात्री झाली.

करमाड माहीत नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघाले की शेंद्रा एमआयडीसी लागते आणि पुढे करमाड. शेजारीच ऑरिक नावाचे ‘स्मार्ट’ औद्योगिक शहर वसते आहे. त्याच्या ऑरिक हॉलचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांचे आईबाप याच पट्ट्यात कंत्राटी कामाला जातात, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात. देशाला करमाड हे नाव कळले ते मात्र ८ मे २०२० च्या पहाटे. जालन्याहून आपल्या गावी मध्य प्रदेशात पायी निघालेले मजूर बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळांवर झोपले होते. मालगाडीखाली १६ जण गेले. त्याच उन्हाळ्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही राज्याची अभ्यासमाला मोबाइलवर येत होती, दीक्षा अ‍ॅपच्या लिंका पालकांच्या ग्रुपवर फिरत होत्या. ज्याच्या घरात फोन होता त्याच्यापुरते शिक्षण होते. बाकीच्यांची शाळा बंदच होती.

आमची ऑनलाइन अभ्यासिका त्या वर्षी सुरू झाली. आमच्यातला एक इंजिनिअर झालेला कार्यकर्ता लॉकडाउनमुळे गावी अडकून पडला होता. त्याने रात्री जागून मूडल बसवले. मूडल म्हणजे शाळा-कॉलेजचे वर्ग, प्रश्नसंच, चाचण्या, गुणांची नोंद असे सगळे एका जागी ठेवणारे सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, एवढेच त्याचे महत्त्व नाही. ते खुले आहे. आतले लिखाण कुणीही वाचावे, बदलावे, पुढे द्यावे असा त्याचा परवाना आहे. ते लिहायला सुरुवात करणारे मार्टिन डुगियामास लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहत. जवळपास शाळाच नव्हती, म्हणून ते रेडिओवरून भरणाऱ्या वर्गात शिकले. २००२ साली मूडलचे पहिले व्हर्जन आले. शाळेपासून लांब पडलेल्या पोराने केलेली ही वस्तू आहे, हे आम्हाला आवडते.

दहावीच्या गणित-विज्ञानाचे प्रश्न आम्ही त्यात मराठीतून टाकले. सोबत संविधानाचे, महाडच्या सत्याग्रहाचे, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचेही टाकले, कारण हे प्रश्न बाजारातल्या कुठल्या अ‍ॅपमध्ये सापडत नाहीत. लॉकडाउन संपला, तो कार्यकर्ता नोकरीवर परत गेला, साइट चालूच राहिली. अडीच वर्षे तिला कुणी हात लावला नाही. चालते आहे ना, मग कशाला हात लावायचा, असे आम्हीच म्हणत होतो.

२ मार्च २०२३ पासून दहावीची लेखी परीक्षा होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी विहारात आलो तर मुले फोन घेऊन बसलेली. एक जण म्हणाला, “सर, नुसतं पांढरं दिसायलंय.” खरोखर, पान पांढरे होते. ना चूक सांगणारी ओळ, ना लॉगिनची चौकट. नेट गेले असेल म्हणून आम्ही एक रात्र वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. एका मुलीने विचारले, “माझे मार्क गेले का?” तिने डिसेंबरपासून चाळीसेक चाचण्या सोडवल्या होत्या. कुठल्या धड्यात आपण कच्चे आहोत हे तिला त्या गुणांच्या तक्त्यावरूनच कळत होते. घरी विचारायला कुणी नाही. आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हते.

कारण सापडायला तीन दिवस गेले, आणि ते सापडले एका ई-मेलमध्ये. तो पत्ता नोंदणी करताना दिलेला. कुणी उघडत नव्हते. होस्टिंग कंपनीने दोनदा कळवले होते की पीएचपी ७.४ आता बंद होत आहे आणि सगळी खाती ८ वर नेली जातील. कंपनीला शिव्या घालणे सोपे होते, आम्ही घातल्याही. पण पीएचपी ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले होते. कंपनीने कळवले होते. आम्ही वाचले नव्हते.

आता नेमके काय बिघडले ते सांगतो, कारण हे प्रत्येक अभ्यासिकेत कधी ना कधी होणार आहे. मूडल पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले आहे. म्हणजे सर्व्हरवर खाली पीएचपी, शेजारी डेटाबेस, वर मूडल, मूडलला नंतर जोडलेली प्लगइन, आणि सर्वात शेवटी मुलाच्या हातातल्या फोनचा ब्राउझर. प्रत्येकाचे व्हर्जन वेगळे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे ठराविक व्हर्जन लागते. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. प्रतीत्यसमुत्पाद इतका सोपा करून आम्हाला आधी कुणी शिकवला नव्हता! आमचे मूडल ३.९ होते. ते पीएचपी ७.२ ते ७.४ वरच चालते. खालची पायरी ८ झाली, वरचा माणूस पडला. मूडलमध्ये काही बिघडले नव्हते, पीएचपीतही नव्हते. दोघांचे एकमेकांशी जमत नव्हते.

पहिल्या चार दिवसांत आम्ही जे केले ते कुणी करू नये. एका उत्साही मुलाने व्हिडिओ पाहून होस्टिंगच्या पॅनेलमधले ‘अपडेट’ बटण दाबले. मूडलच्या फाइली अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या झाल्या. दुसऱ्याने डेटाबेस उतरवून घेतला आणि वेगळ्या जागी चढवला, तर मराठीतले सगळे प्रश्न प्रश्नचिन्हांच्या रांगा झाले. उतरवताना अक्षरसंच चुकीचा निवडला होता. इंग्रजी जशीच्या तशी, मराठी मात्र गायब! ही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: व्यवस्थेने आपली भाषा गृहीत धरलेली नसते, त्यामुळे बॅकअपही मराठी गृहीत धरत नाही. युटीएफ-८ निवडले आहे का, हे आपणच पाहायचे असते. नशिबाने मूळ डेटाबेसला कुणी हात लावला नव्हता. मुलीचे मार्क त्यात सुखरूप होते.

मग आम्ही थांबलो. चाचण्या झेरॉक्सवर सुरू केल्या, म्हणजे मुलांचा अभ्यास तरी थांबू नये. आणि दुरुस्तीचे काम दोघांवर सोपवले: बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आणि बी. एस्सी. चा एक मुलगा. दोघेही आमच्याच अभ्यासिकेतले. पुण्याचा कार्यकर्ता रोज रात्री दहानंतर फोनवर असायचा, पण त्याने एक अट घातली. तो स्वतः लॉगिन करणार नाही. जे करायचे ते हे दोघेच करतील. त्या वेळी आम्हाला त्याचा राग आला. आज वाटते, त्याने बरोबर केले.

त्यांनी काय केले? होस्टिंग कंपनीला लेखी कळवून आमच्या फोल्डरपुरते काही आठवडे पीएचपी ७.४ परत मागून घेतले. मूडलच्या मूळ ३.९ च्या फाइली पुन्हा बसवल्या. साइट उठली. पण ही उसनी मुदत होती. मग तीन गोष्टींचा बॅकअप घेतला: मूडलच्या फाइली, मुलांनी चढवलेले साहित्य असते तो मूडलडेटाचा फोल्डर, आणि डेटाबेस. तिघांपैकी एक जरी राहिला तरी बाकीचे दोन कामाचे नाहीत. त्या बॅकअपवरून शेजारी एक नक्कल उभी केली आणि प्रत्येक प्रयोग आधी नकलेवर केला.

खरी युक्ती पूल शोधण्यात होती. मूडल ४.१ हे नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले, दीर्घकाळ पाठबळ मिळणारे व्हर्जन. ते पीएचपी ७.४ वरही चालते आणि ८.१ वरही, आणि ३.९ वरून थेट त्याच्यावर जाता येते. म्हणजे आधी ७.४ वर उभे राहूनच ४.१ वर जायचे, आणि सगळे नीट चालल्यावर खालचे पीएचपी बदलायचे. दोन्ही एकदम बदलले तर चूक कुठे झाली ते कळत नाही. ४.१ नंतर आलेले ४.२ त्या वेळी असते आणि तेच घेतले असते तर अडकलो असतो, कारण त्याला ७.४ चालतच नाही. सगळ्यात नवे ते सगळ्यात चांगले, हा समज इथे मोडला.

प्लगइनची यादी काढली तर बाहेरची सहा निघाली. त्यातली चार कुणी वापरतच नव्हते. एक रंगीबेरंगी थीम होती, ती हौसेने बसवलेली; तिचे नवे व्हर्जनच आलेले नव्हते. सगळी काढली, एक ठेवले. पीएचपी ८.१ वर गेल्यावर मूडलच्या तपासणीच्या पानाने आणखी एक अडचण दाखवली. एका फॉर्ममधून किती रकाने स्वीकारायचे याची पीएचपीत मर्यादा असते, मॅक्स इनपुट व्हार्स म्हणतात तिला. होस्टिंगवर ती १००० होती, पीएचपी ८ सोबत मूडल ५००० मागते. एका ओळीचे काम. पण ती एक ओळ कुठे लिहायची हे शोधायला त्या मुलीला दोन रात्री लागल्या, शब्दकोश शेजारी ठेवून, इंग्रजी माहितीपाने वाचत. परीक्षेच्या आठ दिवस आधी साइट परत सुरू झाली. मधल्या काळात यायची बंद झालेली तीन-चार मुले मात्र परत आली नाहीत.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

साइट सुरू झाल्याचा आनंद दोन दिवस टिकला. मग तक्रारी येऊ लागल्या: काहींच्या फोनवर पान उघडते पण चाचणीचे बटण दाबले जात नाही, काहींच्या फोनवर पान अर्धेच येते. आम्ही वहीत नोंद करायला बसलो. कुणाचा फोन, कोणते अँड्रॉइड, कोणता ब्राउझर. पंधरा मिनिटांत जे दिसले त्याने आम्ही अस्वस्थ झालो. अडचण आलेल्या सात-आठ फोनपैकी एक सोडून सगळे मुलींच्या हातातले होते.

कारण उघड आहे, फक्त आपण कधी पाहिलेले नसते. घरात नवा फोन येतो तो कमावत्या पुरुषाकडे. त्याचा जुना थोरल्या मुलाकडे. मुलाने वापरून काच फोडली, बॅटरी गेली, की तो घरात पडून राहतो आणि ‘अभ्यासाला’ म्हणून मुलीला मिळतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. वरून खाली उतरणारी, प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी देणारी. ती विषमता आमच्याच घरात फोनच्या व्हर्जनच्या रूपाने बसलेली होती. अँड्रॉइड ५ च्या फोनवर क्रोम ९५ वर थांबले, ६ च्या फोनवर १०६ वर. त्यापुढचे अपडेट त्या फोनला येतच नाहीत. मुलगी कितीही हुशार असो, तिचा ब्राउझर जुन्या सालात अडकलेला. आणि आम्ही, समतेच्या गोष्टी करणारे, साइट ‘नवीन आणि आकर्षक’ करून तिला वर्गाबाहेर उभे केले. आम्हाला ते कळलेही नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या फोनवर पान छान दिसत होते.

डिजिटल दरीवर आपल्याकडे भाषणे खूप होतात. फोन आहे की नाही, नेट आहे की नाही, इथपर्यंत ती येतात आणि थांबतात. फोन आहे, नेट आहे, आणि तरीही दार बंद आहे, या दरीबद्दल कुणी बोलत नाही. ‘तुमचे व्हर्जन समर्थित नाही’ एवढेच पडद्यावर येते. कुणी नाही म्हटले, का म्हटले, दाद कुणाकडे मागायची, काही नाही. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या कारण न सांगता बंद केलेली दारे पाहिली, त्याला हे वाक्य ओळखू यायला हवे.

दुसरा धक्का २०२४ मध्ये बसला. अँड्रॉइड ६ आणि त्याआधीच्या फोनवर साइट ‘असुरक्षित’ दिसू लागली. वेबसाइटच्या कुलपाचे जे प्रमाणपत्र असते ते आम्ही लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट घेतो; जगातल्या असंख्य छोट्या साइट घेतात. जुन्या फोनच्या यादीत या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र नाही. दुसऱ्या एका संस्थेच्या सहीवर इतकी वर्षे ते चालून गेले, ती व्यवस्था २०२४ मध्ये संपली. ही गोष्ट २०२० पासून जाहीर होती. या वेळी मात्र आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांनी आधीच वाचून ठेवले होते. फायरफॉक्स ब्राउझर फोनच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी सोबत आणतो. मुलींच्या फोनवर फायरफॉक्स टाकले, एका रविवारी काम झाले. एक दिवससुद्धा वर्ग बुडाला नाही. फेब्रुवारी २०२३ आणि २०२४ यांत फरक कशाचा होता? पैसा तितकाच होता. फोन तेच होते. फक्त वाचणारे कुणीतरी होते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की अभ्यासिका उघडणे हे जितके चळवळीचे काम, तितकेच तिच्या व्हर्जनची वही ठेवणे हेही चळवळीचे काम आहे. यावर आम्हाला तीन प्रकारची उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर: एखाद्या एजन्सीला देऊन टाका. देता येईल, पैसे असतील तर. पण किल्ली दुसऱ्याकडे दिल्यावर घर आपले राहते का? एजन्सीचे काम साइट चालू ठेवणे. अँड्रॉइड ६ वाल्या मुलीसाठी पान हलके करणे तिच्या करारात नसते. ते काम जिला त्या मुलीचे नाव माहीत आहे तीच करते.

दुसरे उत्तर जरा वजनदार आहे. एवढा उपद्व्याप कशाला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि यूट्यूब आहे की! हे आम्ही अर्धे मान्य करतो. आमचे व्हिडिओ आम्हीही यूट्यूबवरच ठेवतो, सर्व्हरवर ठेवायची ऐपत नाही. पण मुलाची दोन वर्षांची प्रगती, त्याच्या चुकांचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर राहत नाही. शिवाय ग्रुप आला की मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात. ज्या घरांतून मुलीला फोन द्यायलाच विरोध असतो, तिथे एवढे कारण पुरते.

तिसरे उत्तर उघड बोलले जात नाही, पण आम्ही ते चेहऱ्यांवर वाचले आहे: हे काय कार्यकर्त्याचे काम आहे? कार्यकर्ता भाषण करतो, मोर्चा काढतो, निवेदन देतो. पासवर्ड सांभाळणे, रात्री बॅकअप घेणे, हे ‘टेक्निकल’ पोरांचे काम. मित्रांनो, हा विचार कुठून आला ते तपासा. बोलणारा श्रेष्ठ आणि दुरुस्ती करणारा कनिष्ठ, ज्ञान वरच्याचे आणि हात खालच्याचे, ही मांडणी आपली आहे का? आपल्याच पूर्वजांच्या हातांना जिने कमी लेखले ती मांडणी आपण बैठकीत आणून बसवतो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये आपल्या शेजारी औरंगाबादला कॉलेज. तेच पुढे मिलिंद. नागसेनवनात उभे राहून पाहा, ती सभा नव्हे, संस्था आहे. संस्था म्हणजे रजिस्टर, किल्ल्या, गळणारे छप्पर, आणि ते दुरुस्त करणारी माणसे.

काही जण म्हणतात, अपडेटच करू नका म्हणजे जुन्या फोनवालेही खूश. हा मार्गही खोटा आहे. सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेल्या सर्व्हरवर मुलांची नावे, शाळा, फोन नंबर ठेवणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे. सर्व्हरची बाजू नवी ठेवावीच लागते, आणि पानाची बाजू जुन्या फोनला चालेल अशी. ओढाताण या दोन टोकांच्या मध्ये असते, तिथेच कुणीतरी माणूस लागतो. आम्ही काय केले ते सांगतो. सजावटीची थीम गेली, मूडलची साधी थीम ठेवली. चित्रे लहान केली, स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी धडे सरळ मजकुरात टंकले. आणि वस्तीतला सर्वात जुना चालू फोन मागून विहारात ठेवला. अँड्रॉइड ६, काच फुटलेली, मागचे झाकण रबर लावून बसवलेले. कुठलाही बदल आधी नकलेवर होतो, मग त्या फोनवर उघडून पाहिला जातो. त्या फोनवर चाचणी पूर्ण सोडवता आली तरच बदल खऱ्या साइटवर जातो. आमच्याकडे याच्यापेक्षा वरिष्ठ परीक्षक नाही.

सरकारी बाजूही सोडता येत नाही. शाळांना कॉम्प्युटर वाटण्याचे कार्यक्रम होतात, फीत कापली जाते. पुढचे कोण पाहते? विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० ला संपले, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. विंडोज १० चेही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. फ्लॅशमध्ये बनवलेले धडे २०२० च्या अखेरीनंतर कुठल्याच ब्राउझरवर चालत नाहीत. त्या सीडी कपाटात धूळ खात आहेत. घाईने ऑनलाइन गेले की काय होते ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसले. उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा प्रयोग फसला, निकाल महिनोन् महिने रखडले, कुलगुरूंना पद गमवावे लागले. ज्या मुलांचे पुढचे प्रवेश अडले त्यांना काय भरपाई मिळाली?

माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे, तो रस्ता-नाल्यांपुरताच वापरायचा असे कुठे लिहिलेले नाही. आपल्या भागातल्या शाळेला, समाजकल्याणच्या वसतिगृहाला, विद्यापीठाला विचारता येते: तुमचे ऑनलाइन व्यासपीठ किमान कोणत्या अँड्रॉइडवर आणि कोणत्या ब्राउझरवर चालते? त्या फोनवर ते कधी तपासले, अहवाल द्या. देखभालीचा करार किती वर्षांचा, कुणाशी? बंद पडल्यास मुलांची परीक्षा कशी घेणार? दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर न आले तरी, विचारले गेले हे पुढच्या निविदेच्या वेळी कुणाच्या तरी लक्षात राहील.

आमच्याकडे आता विहाराच्या कपाटात एक साधी दोनशे पानी वही असते. डाव्या पानावर काय बदलले, कोणत्या व्हर्जनवरून कोणत्यावर, तारीख, सही. उजव्या पानावर काय बिघडले. ती वही भरणाऱ्या दोघांपैकी एकाला नोकरी लागली, तेव्हा त्याने जाण्याआधी दोन नवी मुले तयार केली. होस्टिंगचा ई-मेल आता तिघांच्या फोनवर येतो. जयंतीच्या जमाखर्चात ‘सर्व्हर’ नावाचा एक रकाना आला आहे. त्यासाठी डीजेचा एक बॉक्स कमी झाला, त्यावर भांडण झाले, ते आम्ही अंगावर घेतले.

मूडल ४.१ चे पाठबळ डिसेंबर २०२५ मध्ये संपले. आता ४.५ वर जायचे आहे, त्याला ऑक्टोबर २०२७ पर्यंत पाठबळ आहे. यंदाचा अडथळा पीएचपी नाही, डेटाबेस आहे, ४.५ ला मारियाडीबी किमान १०.६.७ हवे आणि आमच्या होस्टिंगवर जुने आहे. नकलेवर काम चालू आहे, मे महिन्यात दहावीची मुले मोकळी झाली की खरी साइट बदलू. पण विहारातल्या त्या परीक्षक फोनची बॅटरी फुगली आहे, तो आता चार्जिंगला लावायची भीती वाटते. कुणाकडे अँड्रॉइड ६ किंवा ७ चा चालू फोन पडून असेल तर करमाडला आणून द्या. काच फुटलेली चालेल.